फुटबॉलमध्ये डिफेंडर म्हणून प्रोफेशनल व्हायचंय? मग आधी क्रम सरळ करा

ट्रायलचे दिवस आले की मला एकाच छापाचे मेसेज यायला लागतात, "व्हिडिओ बनवलाय, एखादा एजंट सांगा ना". व्हिडिओ उघडला की तीन मिनिटांत अकरा स्लाइडिंग टॅकल, मागे ढणाढणा गाणं, आणि त्यातल्या निम्म्या टॅकल कराव्या का लागल्या तर पोरगा दोन सेकंद आधी चुकीच्या जागी उभा होता म्हणून. स्काऊटला, म्हणजे क्लबसाठी खेळाडू शोधणाऱ्याला, नेमकं तेच दिसतं.

स्ट्रायकरचं काम क्लिपमध्ये मावतं. डिफेंडरचं नाही मावत, कारण त्याच्या चांगल्या कामात बऱ्याचदा काही घडतच नाही, पास आलाच नाही, विंगरने आत यायचा विचारच सोडला, एवढंच. म्हणून डिफेंडरला विकत घेणारा माणूस त्याची मिनिटं बघतो, म्हणजे किती मॅच, कुठल्या लेव्हलला, सलग किती. आणि बहुतेक पोरं (आणि त्यांचे आईवडील, सॉरी पण खरंय) सुरुवात करतात एजंटपासून, मग व्हिडिओ, मग ट्रायल, आणि मिनिटांचा विचार सगळ्यात शेवटी. खाली योग्य क्रम देतोय. मधला टप्पा गाळून पुढे गेलात तर तो नंतर गाठतोच.

## टप्पा १: नेमकी जागा ठरवा

"मी मागे कुठेही खेळतो" हे वाक्य आजपासून बंद. तुम्हाला वाटतं त्याने चान्स वाढतो, पण क्लबकडे रिकामी जागा असते ती "डाव्या पायाचा सेंटर बॅक" किंवा "नव्वद मिनिटं वर-खाली पळणारा उजवा फुल बॅक" अशी असते. कुठेही खेळणारा त्या यादीत बसतच नाही.

ठरवताना तीन गोष्टी बघा. पहिली, पाय. डावखुरे सेंटर बॅक कमी असतात आणि डावीकडून बॉल बाहेर काढायला कोचला ते हवेच असतात, त्यामुळे डावा पाय चांगला असेल तर फक्त लेफ्ट बॅक म्हणून अडकून राहू नका. दुसरी, उंची. सेंटर बॅकला उंची बघतात, खोटं कशाला बोला. फाबियो कॅनाव्हारो १७५ सेंटिमीटरच्या आसपासचा, तरी २००६ ला कॅप्टन म्हणून वर्ल्ड कप उचलला आणि त्याच वर्षी बॅलन डी'ओर पण घेतला, आणि अलीकडचा लिसांड्रो मार्टिनेझ पण तेवढाच. पण हे अपवाद आहेत आणि त्यांची उडी, टायमिंग आणि आडवं येण्याची हिंमत बघा आधी, मग स्वतःची तुलना करा. तिसरी, वेग कसला आहे ते. पहिल्या पाच मीटरचा वेग वेगळा आणि चाळीस मीटर मागे धावायचा वेग वेगळा. सेंटर बॅकला मागे वळून धावता आलं पाहिजे, फुल बॅकला थांबून परत सुटता आलं पाहिजे, तेही ऐंशीव्या मिनिटाला.

एक मुख्य जागा आणि एक जोडजागा, बस. उजवा बॅक आणि उजवा सेंटर बॅक ही जोडी कळते. लेफ्ट बॅक आणि स्ट्रायकर ही जोडी कोणाला कळत नाही.

वय वाढलंय आणि आत्ता जागा बदलायची वेळ आली तर घाबरू नका. अल्फोन्सो डेव्हिस बायर्नकडे आला तो विंगर म्हणून, तिथे लेफ्ट बॅक झाला. माश्चेरानो मिडफिल्डर होता, बार्सिलोनात सेंटर बॅक म्हणून वर्षानुवर्षं खेळला.

इथे थांबून तपासा: तुमच्या कोचला आणि सोबतच्या दोन खेळाडूंना वेगवेगळं विचारा की माझी जागा कुठली. तिघांचं उत्तर एकच येत नसेल तर टप्पा १ झालेला नाही.

## टप्पा २: सवयी बसवा, टॅकल सगळ्यात शेवटी

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण नव्वद टक्के गोंधळ इथलाच असतो आणि लोक ह्याला "बेसिक" म्हणून उडी मारून पुढे जातात.

पहिली सवय, मान फिरवणं. बॉल दुसऱ्या बाजूला असताना तुम्ही बॉलकडे एकटक बघत उभे असता, आणि तुमच्या पाठीमागून स्ट्रायकर तुमच्या न दिसणाऱ्या बाजूला सरकतो. प्रत्येक पास सुटला की बॉल प्रवासात असताना एकदा खांद्यावरून मागे बघायचं. बॉल पायात असताना नाही, प्रवासात असताना, कारण त्या अर्ध्या सेकंदात कोणीच काही करू शकत नाही. सरावात मित्राला तुमच्या मागे उभं करून बोटं दाखवायला सांगा, पास येईपर्यंत किती बोटं होती ते ओरडून सांगायचं. पोरकट वाटतं, पण काम करतं.

दुसरी, उभं राहणं. विंगर बॉल घेऊन समोर आलाय. चूक काय होते तर डिफेंडर सरळ रेषेत सुसाट धावत जातो, छाती समोर, दोन्ही पाय एका ओळीत, आणि विंगर फक्त बॉल बाजूला ढकलून निघून जातो. त्याऐवजी पहिले काही मीटर जोरात, शेवटचे दोन-तीन मीटर छोटी छोटी पावलं, थोडं वळण घेत, म्हणजे आतली वाट आपोआप बंद होते. एक पाय पुढे, शरीर तिरकं, गुडघे वाकलेले, वजन पंजांवर. अंतर साधारण दीड-दोन मीटर. नजर बॉलवर, त्याच्या खांद्यावर-कमरेवर नाही, कारण तो शरीराने फसवणारच आहे, बॉल मात्र फसवत नाही.

तिसरी, थोपवणं. वरच्या जागेत उभे राहिलात की आता काही करू नका. खरंच. मागे मागे सरकत राहा, आणि तेवढ्यात तुमचा मिडफिल्डर परत येतो. बॉल त्याच्या पायापासून एक हात लांब गेला की तेव्हाच पाय घाला, आणि जवळच्या पायाने, उभ्या उभ्या. जमिनीवर पडलेला डिफेंडर पुढचे दोन-तीन सेकंद टीमला उपयोगाचा नसतो, आणि तेवढ्यात गोल होतो. म्हणून स्लाइड टॅकल मी सरावात मुद्दाम उशिरा शिकवतो. पोरं चिडतात, चिडू दे.

चौथी, लाईन, म्हणजे मागच्या डिफेंडरांची ओळ. याला एक साधा नियम. समोरच्या टीमच्या बॉलवाल्यावर आपल्या कोणाचं प्रेशर असेल, किंवा त्याने पाठीमागे पास दिला, तर लाईन वर. प्रेशर नसेल आणि त्याने मान वर करून बघितलं, तर लाईन मागे, बॉल सुटायच्या आधी. ऑफसाइड ट्रॅप फसतो तो बहुतेक वेळा एका माणसामुळे, लांबच्या बाजूचा फुल बॅक दोन पावलं आत राहतो आणि सगळ्यांना ऑनसाइड करून टाकतो. तो तुम्ही असाल तर कोचला ते लगेच दिसतं, प्रेक्षकांना दिसत नाही. आणि लायन्समनच्या भरवशावर हात वर करून थांबायचं नाही, शिट्टी वाजेपर्यंत पळायचं.

पाचवी, बोलणं. लांबलचक भाषण नको. "टर्न" (वळायला जागा आहे), "मॅन ऑन" (पाठीवर माणूस आहे), "स्टेप" (पुढे सरक), "होल्ड" (आहे तिथेच थांब), आणि माणसाचं नाव. नाव आधी, सूचना नंतर, नाहीतर चार जण एकदम वळतात.

सहावी, बॉल बाहेर काढणं. आता फक्त क्लिअर करणारा सेंटर बॅक वरच्या लेव्हलला टिकत नाही. २०१९ पासून गोल किकचा बॉल आपल्या खेळाडूला पेनल्टी एरियाच्या आतच घेता येतो, म्हणजे गोलकीपर तुम्हाला सहा यार्डाजवळ बॉल देणार आणि समोरून स्ट्रायकर धावत येणार. पहिला टच लांबच्या पायाने, शरीर उघडं, आणि टच घ्यायच्या आधीच पुढचे दोन पर्याय बघून ठेवलेले असले पाहिजेत. पर्याय नसेल तर लांब मारा, त्यात लाज कसली.

एक नियम पाठ करून ठेवा, कारण ह्यात करिअरच्या सुरुवातीलाच बरेच जण रेड कार्ड खातात. समोरच्याचा उघड गोल चान्स फाऊलने अडवला तर रेड. २०१६ पासून बदल असा की पेनल्टी एरियाच्या आत तुम्ही बॉल खेळायचा प्रामाणिक प्रयत्न करताना फाऊल झाला आणि पेनल्टी दिली तर यलो, पण ओढलं, ढकललं, धरलं किंवा बॉलपर्यंत पोचायची शक्यताच नसताना पाय घातला, तर रेडच. मग हिशोब असा की एरियाच्या बाहेर शेवटचा माणूस तुम्ही आहात आणि दहाव्या मिनिटाला स्ट्रायकर सुटलाय, तर शर्ट ओढू नका. गोलकीपरला त्याचं काम करू द्या. गोल झाला तरी ऐंशी मिनिटं अकरा जण उरतात.

इथे थांबून तपासा: स्वतःची एक पूर्ण मॅच बघा आणि फक्त दोन गोष्टी मोजा, किती वेळा जमिनीवर पडलात आणि किती वेळा मागे वळून बघितलं. पहिला आकडा मोठा आणि दुसरा छोटा असेल तर पुढचा टप्पा थांबवा.

## टप्पा ३: शरीर मॅचसाठी तयार करा, आरशासाठी नाही

जिममध्ये छाती-बायसेप वाढवून आलेले सेंटर बॅक मी बरेच पाहिलेत, कॉर्नरला मात्र त्यांच्या डोक्यावरून लोक हेडर मारतात. डिफेंडरला लागतं ते मांडीच्या मागच्या स्नायूंचं बळ, एका पायावर उतरून तोल सांभाळणं, मागे सरकता सरकता वळणं आणि उडी.

सुरुवात फुकटात होते. फिफाचा ११ प्लस नावाचा वॉर्म-अप आहे, तीन भाग, १५ व्यायाम, साधारण २० मिनिटं. आठवड्यातून कमीत कमी दोनदा आणि तेही नीट केला तर दुखापती कमी होतात, ह्यावर बराच अभ्यास झालेला आहे. त्यातला नॉर्डिक हॅमस्ट्रिंग, म्हणजे गुडघ्यावर बसून कोणीतरी घोटे धरायचे आणि आपण हळूहळू पुढे झुकायचं, हा लोक हमखास टाळतात कारण दोन दिवस मांड्या दुखतात. पहिल्या आठवड्यात कमी करा, मॅचच्या आदल्या दिवशी अजिबात नको, पण सोडू नका.

हेडरबद्दल थोडं. रोज पन्नास-पन्नास लांब बॉल डोक्यावर घेणारा सराव जुना झाला. इंग्लंडमध्ये २०२१-२२ पासून सरावात जोराचे हेडर आठवड्याला जास्तीत जास्त १० अशी मार्गदर्शक मर्यादा आली. टायमिंग हलक्या बॉलने किंवा हाताने फेकलेल्या बॉलवर शिका. डोक्याला मार लागून चक्कर, उलटी, धूसर दिसणं असं काहीही वाटलं तर त्या दिवशी खेळ संपला, "मी ठीक आहे" म्हणणारा डिफेंडर शूर नसतो, त्याला कळत नसतं.

सावधान: सप्लिमेंट, गोळी, काढा, कोणाच्याही हातून काही घेऊ नका. डोपिंगमध्ये तुमच्या शरीरात सापडलं म्हणजे जबाबदारी तुमची. कोलो तुरेसारख्या मोठ्या डिफेंडरला बायकोच्या वजन कमी करायच्या गोळीमुळे २०११ ला सहा महिने बाहेर बसावं लागलं. रिओ फर्डिनांडने तर काही घेतलं असं सिद्धच झालं नव्हतं, तो टेस्ट द्यायला गेला नाही एवढ्यावर आठ महिन्यांची बंदी आणि २००४ चा युरो हातचा गेला. टेस्टवाला आला की आधी टेस्ट, मग बाकीचं जग.

## टप्पा ४: मिनिटं गोळा करा

आता मुख्य गोष्ट. मोठ्या नावाच्या अकॅडमीत बेंचवर बसणं की छोट्या क्लबात दर आठवड्याला नव्वद मिनिटं? सतरा-अठराच्या पुढे डिफेंडरसाठी उत्तर जवळजवळ नेहमी दुसरं. लाईन कधी वर न्यायची, दमलेल्या पायांनी निर्णय कसा घ्यायचा, सत्तराव्या मिनिटाला एक गोलने पुढे असताना कुठे उभं राहायचं, हे सरावात येत नाही.

व्हॅन डाइकचा रस्ता बघा. विलेम टू च्या युथमधून ग्रोनिंगेन, तिथून २०१३ ला सेल्टिक, २०१५ ला साऊथहॅम्प्टन आणि जानेवारी २०१८ ला लिव्हरपूल, तेव्हा तो २६ चा होता. प्रत्येक पायरीवर आधी नियमित खेळला, मग पुढे सरकला. डिफेंडर उशिरा पिकतो. एकविसाव्या वर्षी नाव झालं नाही म्हणून रडू नका.

लोनचंही, म्हणजे ठराविक काळ दुसऱ्या क्लबाकडून खेळण्याचंही, तसंच. लोनवर जायला लाज वाटते लोकांना, टोमोरी जानेवारी २०२१ ला चेल्सीकडून मिलानला लोनवर गेला, खेळला, तिथेच कायमचा झाला आणि २०२२ ला लीग जिंकला. लोनला हो म्हणायच्या आधी मात्र हे विचारायचंच:

१. माझ्या जागेवर आत्ता कोण आहे, आणि तो सोडून चाललाय का?
२. कोच कोण, आणि तो सीझनभर टिकेल का? कोच बदलला की तुम्हाला मागवणारा माणूसच गेला.
३. टीम कशी खेळते? तुम्ही मागे बसून खेळणारे सेंटर बॅक आणि ते लाईन हाफवेपर्यंत नेणारे, तर तुमची फजिती ठरलेली.
४. खेळवलं नाही तर परत बोलावता येतं का, आणि कधी?

सावधान: फिफाच्या नियमात एका सीझनला जास्तीत जास्त तीन क्लबांकडे रजिस्टर होता येतं आणि साधारणपणे दोनच क्लबांसाठी ऑफिशियल मॅच खेळता येतात. सप्टेंबरमध्ये घाईने एका क्लबासाठी पाच मिनिटं खेळलात, तर त्यातली एक संधी गेली.

आणि एक वही करा. तारीख, स्पर्धा, कोणाविरुद्ध, कुठल्या जागेवर, किती मिनिटं, कार्ड. बाराव्या वर्षापासून कुठल्या क्लबात कधीपासून कधीपर्यंत रजिस्टर होतात ते पण कागदासकट ठेवा. पुढे दुसऱ्या देशात प्रोफेशनल म्हणून साईन करताना ट्रेनिंग काँपेन्सेशनचा (तुम्हाला घडवणाऱ्या क्लबांना द्यायच्या पैशांचा) हिशोब ह्याच वर्षांवरून निघतो, आणि कागद सापडत नाही म्हणून रजिस्ट्रेशनचं घोडं ट्रान्सफर विंडो संपेपर्यंत अडलेलं मी पाहिलंय.

## टप्पा ५: व्हिडिओ

आत्ता व्हिडिओ. मिनिटं जमल्यावर.

चार-पाच मिनिटांचा पुरे. गाणं नको, स्लो मोशन नको. सुरुवातीला नाव, जन्मतारीख, उंची, पाय, जागा, आणि प्रत्येक क्लिपला तुमच्यावर एक गोल खूण दोन सेकंद. क्लिप बॉल तुमच्याकडे यायच्या पाच-सहा सेकंद आधीपासून सुरू करा, म्हणजे तुम्ही कुठून कुठे सरकलात ते दिसेल. बहुतेक जण क्लिप टॅकलपासून कापतात आणि स्वतःचं सगळ्यात चांगलं काम कचऱ्यात टाकतात. दोन-तीन क्लिप अशा घाला ज्यात तुम्ही बॉलला हातसुद्धा, म्हणजे पायसुद्धा, लावलेला नाही, फक्त पासची वाट बंद केली. एक चूक घाला आणि त्यानंतरची धाव पण ठेवा. हे ऐकून पोरांना धक्का बसतो, पण चूक झाल्यावर तुम्ही काय करता हे बघायला स्काऊट उत्सुक असतो.

खाली सलग दोन पूर्ण मॅचच्या लिंक. त्यातली एक हरलेली असू दे.

## टप्पा ६: ट्रायल

ट्रायल म्हणजे अनोळखी दहा जणांबरोबर खेळणं. स्ट्रायकर एकट्याने चमकू शकतो, डिफेंडरला शेजारच्याची भाषा लागते. म्हणून वॉर्म-अपमध्येच शेजारचा सेंटर बॅक, तुमच्या बाजूचा फुल बॅक आणि गोलकीपर, तिघांची नावं विचारून घ्या. कॉर्नरला कोण कुठे ते आधी ठरवा, मॅच सुरू झाल्यावर नाही.

एक ट्रायल आठवते. एक पोरगा, नाव नको, सेंटर बॅक, त्याला अचानक लेफ्ट बॅकला टाकलं. पहिल्या वीस मिनिटांत त्याने चिडून चार वेळा वर धाव घेतली, काहीतरी दाखवायचं म्हणून, आणि चारही वेळा मागची जागा रिकामी. त्याच्या पलीकडे राईट बॅकला जो होता त्याने काहीच "दाखवलं" नाही, पण तो सारखा शेजारच्याला दोन पावलं आत ओढत होता, नाव घेऊन. बोलावणं त्याला आलं. पहिला पोरगा मला अजून म्हणतो की त्याच्यावर अन्याय झाला.

ट्रायलमध्ये ह्या क्रमाने जा: पहिले तीन पास सोपे आणि बरोबर. पहिला हेडर जिंकायचाच, निदान उडी मारायचीच. मग आवाज. वर जायचं ते त्यानंतर.

जायच्या आधी लेखी विचारा की दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोणाचा. उत्तर टाळलं तर समजून जा. आणि ट्रायलसाठी पैसे मागणाऱ्या माणसाला क्लबच्या अधिकृत पत्त्यावर मेल करून पडताळा, "परदेशातली ट्रायल" म्हणून पैसे घेऊन गायब होणारे भरपूर आहेत.

सावधान, आईवडिलांसाठी: १८ वर्षांखाली दुसऱ्या देशात ट्रान्सफर फिफाच्या नियमाने बंद आहे. थोडे अपवाद आहेत, जसं की पालक फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिकडे राहायला गेले, किंवा युरोपियन युनियनच्या आतल्या आत १६ ते १८, किंवा सीमेलगत राहणारे. "मी करून देतो" म्हणणाऱ्याला विचारा, कुठल्या अपवादाखाली?

## टप्पा ७: एजंट, आणि मग काँट्रॅक्ट

एजंट तेव्हा, जेव्हा टेबलावर खरंच काहीतरी आहे. त्याआधी तो तुमच्यासाठी फार काही करत नाही, आणि तुम्ही मात्र सही करून बसता. फिफाचं लायसन्स आहे का ते फिफाच्या यादीत स्वतः बघा, व्हिजिटिंग कार्डवर नाही. लायसन्स माणसाला मिळतं, कंपनीला नाही, त्यामुळे "आमच्या ऑफिसचं आहे" हे उत्तर चालत नाही. खेळाडूबरोबरचा करार जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो. पोरगा अल्पवयीन असेल तर पालकांची लेखी संमती आधी लागते.

काँट्रॅक्ट हातात आल्यावर पहिलं पान सोडा, तिथे पगार असतो आणि सगळे तेच वाचतात. ह्या क्रमाने वाचा:

१. मुदत. फिफाच्या नियमात साधारण कमाल पाच वर्षं, १८ खाली तीन. "क्लबच्या मर्जीने आणखी एक वर्ष" असं कलम असेल तर त्या वर्षाचा पगार आत्ताच लिहून घ्या.
२. मेडिकल. सही झाल्यावर "मेडिकल पास झालं तरच करार लागू" ही अट फिफाच्या नियमात बसत नाही, वर्क परमिटचंही तसंच. मेडिकल सहीच्या आधी करून घ्यायचं असतं.
३. दुखापत. लांब दुखापतीत पगार किती, उपचार कोण करणार, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेता येतं का.
४. बोनस. डिफेंडरला गोलचा बोनस लावून काय उपयोग. खेळलेल्या मॅच आणि क्लीन शीट (एकही गोल न खाल्लेली मॅच) ह्यावर मागा, आणि "स्टार्ट" की "मैदानात उतरला" हे स्पष्ट करून घ्या, शब्दाचा फरक आहे पण पैशाचा पण आहे.
५. खाली घसरण. टीम खालच्या डिव्हिजनला गेली तर पगार किती कापणार.
६. पगार थकला तर. दोन महिन्यांचा पगार बेकायदा थकवला तर खेळाडूने क्लबला लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवस द्यायचे, आणि तरी भरला नाही तर करार मोडायला त्याला योग्य कारण मिळतं. नोटीस न देता रागाने सराव बंद केलात तर उलट तुम्हीच अडकता.

काँट्रॅक्टचे शेवटचे सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी करार करायला तुम्ही मोकळे. त्याआधी इच्छुक क्लबने तुमच्या क्लबला लेखी कळवायचं असतं, मागच्या दाराने बोलणी करू नका.

आणि बोलणी चालू असताना तोंड बंद ठेवा. किरन ट्रिपियरने ॲटलेटिकोला जाताना मित्रांना माहिती दिली, मित्रांनी त्यावर बेट लावली, आणि त्याला २०२० च्या डिसेंबरमध्ये १० आठवड्यांची बंदी लागली. स्वतः एक पैसा लावलेला नसला तरी.

इथे थांबून तपासा: करार तुम्हाला येते त्या भाषेत आहे का? सही केलेली पूर्ण प्रत तुमच्याकडे आहे का? तोंडी कबूल केलेली एकतरी गोष्ट कागदाबाहेर राहिलीये का? राहिली असेल तर ती नाहीच असं धरा.

## टप्पा ८: पहिले दोन सीझन

पहिल्या सीझनला एकच टार्गेट, उपलब्ध राहणं. म्हणजे कार्डांमुळे सस्पेंड होऊ नका, छोटी दुखापत लपवून मोठी करू नका, आणि सरावाला लवकर या. कोचला तिसरा-चौथा सेंटर बॅक असा हवा असतो जो सहा आठवडे न खेळता अचानक उतरला तरी गडबडत नाही. संधी बहुतेक वेळा दुसऱ्याच्या दुखापतीने येते, त्यामुळे न खेळणाऱ्या आठवड्यात पण मॅचच्या दुसऱ्या दिवशी स्वतःहून जोराच्या धावा करा, नाहीतर तुमच्या पायांना मॅचचा वेगच माहीत राहत नाही आणि उतरल्या उतरल्या हॅमस्ट्रिंग जातो.

मोठी दुखापत झाली तर घाई नको. एसीएलच्या (गुडघ्यातल्या लिगामेंटच्या) ऑपरेशननंतर साधारण नऊ महिन्यांच्या आत परत उतरणाऱ्यांना पुन्हा दुखापतीचा धोका जास्त असतो. व्हॅन डाइक ऑक्टोबर २०२० ला पडला, पुढचा युरो सोडला, आणि जुलै २०२१ ला प्री-सीझनमध्ये हळूहळू परतला. तारखेवर जाऊ नका, दोन्ही पायांची ताकद आणि उड्या मोजून सारख्या आल्या का ते फिजिओला विचारा.

चूक होणार. तुमच्या चुकीने गोल जाणार आणि सगळ्यांना दिसणार, हा ह्या जागेचा जाचच आहे. पुढचे दोन पास सोपे खेळा, आणि मॅचच्या रात्री मोबाईल लांब ठेवा.

## टप्पा ९: तिशीनंतर

इथे लोक एकतर वेग गेला म्हणून हातपाय गाळतात किंवा काही बदलतच नाहीत. फुल बॅक असाल तर आत सरकायची तयारी २८-२९ लाच सुरू करा. मालदिनी लेफ्ट बॅकवरून मध्ये आला आणि मिलानसाठी ९०२ मॅच खेळून २००९ ला चाळिशीत थांबला. थियागो सिल्व्हा ३९ व्या वर्षापर्यंत चेल्सीत होता, दोन पावलं आधी निघायचं एवढ्यावर. लाईन किती वर खेळणार हे ह्या वयात क्लब निवडताना पहिलं विचारा, तुमच्या मागे पन्नास मीटर मोकळे ठेवणाऱ्या टीमला नाही म्हणा, पगार जास्त असला तरी.

कोचिंगचं पहिलं लायसन्स खेळत असतानाच काढा, सुट्टीच्या दिवसांत होतं. आणि टप्पा ४ मधली ती वही चालू ठेवा, तिशीनंतर नवा क्लब आधी गेल्या दोन सीझनमधली मिनिटं आणि चुकलेल्या मॅच विचारतो, आणि तेव्हा आठवत बसायची वेळ येऊ देऊ नका.